वाचक विचारतात : मुलाखतीत चमकला, कामात अडला

प्रश्न : अल्गोरिदमची अवघड कोडी झटपट सोडवणारा डेव्हलपर आम्ही घेतला. पण दुसऱ्याच्या कोडमधला बग शोधायला सांगितला की तो अडकतो. पुढच्या भरतीत पारख कशी करावी?

उत्तर : कोडी सरावाने सुटतात, आणि तुम्ही तो सरावच तपासलात. रोजच्या कामातला बराच वेळ जुना कोड वाचण्यात जातो. परीक्षाही त्याचीच घ्या.

तुमच्या कामाशी मिळताजुळता, दीडशे-दोनशे ओळींचा चालणारा कोड घ्या आणि त्यात तीन दोष पेरा : एक फेरी कमी फिरणारा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोडचा भाग), युजरने भरलेला मजकूर थेट जोडून बनवलेली एसक्यूएल क्वेरी (म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा; अशी बनवली की घुसखोराला वाट मिळते) आणि लूपच्या आत डेटाबेसला मारलेली क्वेरी. पाऊण तास द्या. इंटरनेट वापरू द्या. कामावर तो वापरणारच आहे. उमेदवार काय करतो ते बघा : बग आधी पुन्हा घडवून बघतो, की दिसेल ती ओळ बदलत सुटतो? दुरुस्तीनंतर ती तपासणारा छोटा कोड, म्हणजे टेस्ट, लिहितो का?

खरी पारख तिसऱ्या दोषात होते. तिथे उत्तर बरोबरच येतं, त्यामुळे नवखा पुढे सरकतो. दहा रेकॉर्डना काही जाणवत नाही. दहा हजारांना मात्र यादीची एक आणि प्रत्येक रेकॉर्डची एक, अशा 10,001 क्वेऱ्या जातात आणि काम रखडतं. ‘डेटा किती असेल?’ असं उमेदवाराने आपणहून विचारलं, तर तेवढ्यालाच गुण द्या.

घरी करायचं काम दोन तासांच्या वर नको. नोकरी सांभाळून अर्ज करणारे चांगले लोक त्यानेच गळतात. कोड एआयने लिहिला का, याचा तपास करत बसू नका. समोर बसवून एक बदल सांगा, उदाहरणार्थ : तीच फाइल दोनदा अपलोड झाली तरी नोंदी दुप्पट होता कामा नयेत. समजून लिहिलं असेल तर कुठे हात घालायचा ते त्याला माहीत असतं.

प्रश्न सगळ्यांना तेच, गुण एक ते चार, आणि चार गुण कशाला हे आधीच लिहिलेलं. मुलाखत घेणाऱ्यांनी आपापले गुण चर्चेआधी नोंदवावेत, नाहीतर सिनियरचं मत तेच सगळ्यांचं होतं.

कोणी खांद्यावरून बघत असलं की चांगल्या माणसाचाही हात अडतो. पहिली दहा मिनिटं त्याला एकटं सोडा. आणि हा पेपर आधी टीममधल्या दोघांना सोडवायला द्या. त्यांनाच पाऊण तास पुरला नाही, तर पेपर छाटा.