बंद पडलेला रेग्युलेटरही पोर्टफोलिओत ठेव

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रापासून आमच्याकडे प्रात्यक्षिकाच्या वहीबरोबर ई-पोर्टफोलिओ (स्वतःच्या कामांचा ऑनलाइन संग्रह) सुरू झालाय, त्याला २० गुण आहेत. मी ऑनलाइन कोर्सची १४ प्रमाणपत्रं, लाइन फॉलोअर (जमिनीवरची रेघ धरून चालणाऱ्या) रोबोटचे फोटो आणि जर्नलचे स्कॅन टाकले. सरांनी ९ गुण देऊन शेरा मारला, 'यात तू कुठे आहेस?' रोबोट आम्ही चौघांनी केला, पॉवर सप्लाय माझ्याकडे होता. डेमोच्या आदल्या दिवशी तो बंद पडला होता, म्हणून त्याबद्दल लिहायचं टाळलं. घरचे म्हणतात, यापेक्षा कोडिंग शीक. नोकरी देणारं कुणी हे उघडून तरी बघतं का? बघत असेल तर नेमकं काय ठेवू?

उत्तर : शेरा तिखट आहे, पण चुकीचा नाही. प्रमाणपत्रावरून एवढंच कळतं की तू कोर्स पुरा केलास. फोटोवरून कळतं की रोबोट होता. जर्नल तर अख्ख्या वर्गाचं सारखंच असतं. दुसऱ्या कुणाला लिहिताच आली नसती अशी एकच गोष्ट तुझ्या पत्रात आहे, आणि नेमकी तीच तू पोर्टफोलिओतून वगळलीस. सप्लाय का बंद पडला, ते तुला कसं कळलं आणि तू काय बदललंस, याची एक नोंद त्या १४ प्रमाणपत्रांवर भारी पडेल.

कुणी बघतं का, याचं खरं उत्तर : पहिल्या चाळणीत बहुधा नाही. शेकडो अर्ज आले की शाखा, गुण आणि रेझ्युमे एवढंच पाहिलं जातं. पोर्टफोलिओ कामाला येतो तो पुढे. मुलाखतीत 'एखादा प्रोजेक्ट सांग' म्हटल्यावर बहुतेक मुलं हवेत हात फिरवून सर्किट समजावतात. तू पान उघडून दाखवशील. दुसरी जागा म्हणजे इंटर्नशिपसाठी थेट एखाद्या इंजिनिअरला पाठवलेला मेल. तिथे चाळणी नसते, एक माणूस असतो, आणि तो लिंकवर बोट ठेवतो. पण त्याच्याकडे वेळ दोन-चार मिनिटांचा असतो. म्हणून दाखवायचं थोडं आणि नेमकं.

आता ती नोंद कशी दिसावी ते बघ. तुझा सप्लाय कसा होता हे तू लिहिलेलं नाहीस. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ७८०५ (५ व्होल्ट स्थिर देणारा रेग्युलेटर) लावून ५ व्होल्ट काढले होते असं धरतो, कारण या रोबोटमध्ये सर्रास तेच करतात. तुझं कारण वेगळं असेल तर आकडे तुझे घाल, साचा हाच ठेव.

'१२ व्होल्टवरून ७८०५ ने ५ व्होल्ट. भार : सर्वो, सेन्सर आणि कंट्रोलर, मोजलेला करंट ०.५ ॲम्पिअर. सुरुवातीला आउटपुट ५.०२ व्होल्ट. दोन मिनिटांच्या आत ते घसरायला लागलं आणि कंट्रोलर रीसेट होऊ लागला. बंद करून पाच मिनिटं थांबलं की पुन्हा नीट. पहिला संशय बॅटरीवर घेतला, पण भार असतानाही ती ११.८ व्होल्ट देत होती. रेग्युलेटरला हात लावता येत नव्हता. हिशेब : (१२ − ५) × ०.५ = ३.५ वॉट, ही सगळी उष्णता. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) नसलेल्या टीओ-२२० पॅकेजचं, म्हणजे ७८०५ ज्या आवरणात येतो त्याचं, तापमान दर वॉटमागे सुमारे ६५ अंशांनी वाढतं, म्हणजे कागदावर २२७ अंशांची वाढ. तिथवर पोचण्याआधीच आतलं थर्मल शटडाउन (फार तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय) आउटपुट तोडतं. उपाय : बक कन्व्हर्टर मॉड्यूल (कमी उष्णता वाया घालवून व्होल्टेज उतरवणारं). कार्यक्षमता ८० टक्के धरली तर २.५ वॉटच्या आउटपुटमागे साधारण ०.६ वॉट वाया. अर्धा तास सलग चालवलं, एकदाही रीसेट नाही. पुढच्या वेळी पार्ट निवडण्याआधी वॉट काढणार.'

पाव पानाचा मजकूर आहे. सोबत दोन फोटो, एक सर्किट डायग्राम, झालं. यात चुकलेला संशयही ठेवलाय, तो काढू नकोस. बॅटरी आधी तपासली आणि ती का सोडून दिली, या वाक्यात वाचणाऱ्याला तुझी विचार करायची पद्धत दिसते. 'या प्रोजेक्टमधून मला खूप काही शिकायला मिळालं' हे वाक्य मात्र कुठेही लिहू नकोस. सर ते वाचून थकलेले असतात आणि त्यावरून तुला काहीच विचारता येत नाही. चॅटबॉटकडून मजकूर लिहून घेण्याचा मोह होईल. त्याने शुद्धलेखन सुधारलं तर हरकत नाही, पण 'हा कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचाच का?' असं विचारल्यावर तो तुझ्या शेजारी बसलेला नसणार.

अशी नोंद सत्राच्या शेवटी आठवून लिहिता येत नाही. आकडे विसरलेले असतात, ब्रेडबोर्डवरची (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीवरची) जोडणी कुणीतरी उपटलेली असते. प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर, सामान आवरायच्या आधी, १५-२० मिनिटं काढ. काय करायचं होतं, काय मोजलं, काय बिघडलं, कारण काय, पुढे काय. पाच ओळी, मोडक्या वाक्यांत चालतील. फोटो काढताना प्रकाश बाजूने घे, नाहीतर सोल्डरिंग चमकून दिसेनासं होतं. चौकटीत एक पट्टी ठेव म्हणजे आकार कळेल. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच कोनातून घे. ऑसिलोस्कोपच्या (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्याचा मोबाइलने फोटो काढला तर त्यात ट्यूबलाइट दिसते, सिग्नल दिसत नाही. सोय असेल तर पेन ड्राइव्हवर सेव्ह कर आणि दर डिव्हिजनला किती व्होल्ट, किती वेळ हे चित्रात येतंय ना ते बघ. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आधी घाल, मग विषय. 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' या नावांनी भलेभले फसलेत.

हा झाला कोठार. तो खासगी ठेव आणि त्यात सगळं टाक. त्यातून निवडून बनेल ते दर्शनी पान, त्यावर तीन किंवा चार कामं, सगळ्यात दमदार काम सर्वांत वर. जर्नलचे स्कॅन कोठारातच राहू देत. प्रमाणपत्रं शेवटी एकेका ओळीत, आणि तीही फक्त ज्यांतून शिकलेलं कुठल्यातरी कामात वापरलंस त्यांची. १४ मधली तीन-चार उरतील, तेवढी पुरे. गुणांसाठी सरांना काय हवं ते त्यांच्या गुणतक्त्यात असेल, तो मागून घे. तुझी वर्गवारी आणि त्यांची जुळली नाही तर त्यांच्यासाठी वेगळं पान कर, दर्शनी पानाची मोडतोड करू नकोस. वर्गाच्या असाइनमेंटची उत्तरं सगळ्यांना दिसतील अशी ठेवण्याआधी सरांना विचार. पुढची बॅच ती जशीच्या तशी उतरवते.

चौघांच्या रोबोटचं काय? पहिल्याच ओळीत वाटणी लिही : 'पॉवर सप्लाय आणि वायरिंग माझं, कोड दोघांनी लिहिला, त्यात सेन्सरचं कॅलिब्रेशन माझं, चेसिस चौथ्याने केलं.' 'आम्ही बनवला' या शब्दांनी काहीच सिद्ध होत नाही, आणि सगळंच 'मी बनवला' म्हटलंस तर मोटर ड्रायव्हरवरच्या दुसऱ्या प्रश्नाला पकडली जाशील. मित्रांना ती ओळ आधी दाखव, त्यांच्याही पानावर तीच वाटणी असू दे. फोटोत त्यांचे चेहरे असतील तर विचारून टाक. पुढे इंटर्नशिप केलीस तर कंपनीची ड्रॉइंग, कोड, यंत्राचे फोटो लेखी परवानगीशिवाय ठेवायचे नाहीत. अडचण कोणत्या प्रकारची होती आणि तू कशी सोडवलीस, एवढं मोघम लिहिण्याआधीही एकदा विचारलेलं बरं.

कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) ठेवणार असशील तर एक खड्डा आधीच दाखवतो. ईएसपी-३२ सारख्या वाय-फाय असलेल्या कंट्रोलर बोर्डच्या कोडमध्ये वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सरळ लिहिलेला असतो, आणि तो तसाच सार्वजनिक रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये) जातो. पुढच्या कमिटमध्ये (बदल नोंदवून जपताना) पुसलास तरी इतिहासात राहतो, कुणीही मागे जाऊन वाचू शकतं. म्हणून पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेव आणि पहिल्या कमिटच्या आधीच त्या फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये (काय चढवायचं नाही त्या यादीत) घाल. गेलाच असेल तर पुसत बसण्याआधी पासवर्ड बदल. दुसरं, व्हिडिओ तिथे चढवू नकोस : १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब घेत नाही, आणि ब्राउझरमधून चढवताना ही मर्यादा २५ एमबीची आहे. व्हिडिओ एखाद्या व्हिडिओ साइटवर ठेव, ६० ते ९० सेकंदांचा, पहिल्या पाच सेकंदांत रोबोट धावताना दिसला पाहिजे. प्रोफाइलवर सहा रिपॉझिटरी पिन करता येतात, म्हणजे दर्शनी लावता येतात. तीनच असतील तर तीनच कर. प्रत्येकीत रीडमी हवी, म्हणजे काय आहे, कसं जोडायचं, कसं चालवायचं. सर्किटची मूळ फाइल ठेव, पण शेजारी पीडीएफही, कारण बघणाऱ्याकडे तुझं सॉफ्टवेअर असेलच असं नाही. मोबाइलच्या फोटोत काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात. घरी काढलेले फोटो टाकण्याआधी ती माहिती काढून टाक आणि रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत आण. पानही पटकन उघडेल.

सगळ्यात जास्त पोर्टफोलिओ मरतात ते खात्यामुळे. कॉलेजने दिलेल्या मेलवर सगळं उभं केलं, पास झाल्यावर खातं बंद झालं, आणि रेझ्युमेवरची लिंक नोकरीच्या ऐन हंगामात कोरी उघडली. कॉलेज कोणती प्रणाली वापरतं आणि तिथून बाहेर काय काढता येतं, हे आत्ताच विचार. महारा (पोर्टफोलिओसाठीची एक प्रणाली) असेल तर पूर्ण संग्रह एचटीएमएल स्वरूपात किंवा लीप-२-ए स्वरूपात उतरवता येतो. पहिलं कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतं, दुसरं दुसऱ्या महारात चढवता येतं. गुगल साइट्स असेल तर टेकआउटने (गुगलच्या डेटा उतरवून घ्यायच्या सोयीने) प्रत मिळते, पण संस्थेच्या खात्यात ती सोय बंद केलेली असू शकते. काही झालं तरी मूळ फोटो, नोंदी आणि फाइली महिन्यातून एकदा स्वतःच्या खात्यात आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवून घे. दर्शनी पान सुरुवातीपासून स्वतःच्याच मेलवर.

लिंक कुणाला पाठवण्याआधी दुसऱ्याच्या मोबाइलवर, लॉग-इन न करता, इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघ. तुझ्या लॅपटॉपवर सगळं उघडतं, कारण तू मालक आहेस. समोरच्याला 'परवानगी मागा' असं पान येतं आणि तो मागत नाही, पुढच्या अर्जाकडे वळतो. ड्राइव्हमधल्या फाइलींना 'लिंक असलेला कोणीही पाहू शकेल' हे वेगळं द्यावं लागतं, पान सार्वजनिक केलं म्हणून आतल्या फाइली आपोआप होत नाहीत. मुलाखतीला जाताना त्याच पानाची पीडीएफ लॅपटॉपवर ठेव, तिथलं नेट तुझ्या भरवशाचं नसतं.

वेळेचं म्हणशील तर प्रॅक्टिकलमागे २० मिनिटं आणि सत्राअखेर निवड करून पान मांडायला चार-पाच तास. यामुळे कोडिंग बुडत नाही. घरच्यांनाही पटेल असं काम हवं असेल तर याच रोबोटवर कर : बॅटरीचं व्होल्टेज मोजून दर सेकंदाला नोंदवणारा छोटा प्रोग्राम. बॅटरीकडे ३९ किलोओहम, ग्राउंडकडे १० किलोओहम असा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी दोन रोधांची जोडी) लावलास की १२.६ व्होल्टचे साधारण २.६ होतात, ३.३ व्होल्टच्या कंट्रोलरची पिन ते सुखाने झेलते. त्याचे आकडे आधी मल्टिमीटरशी ताडून बघ, आणि फरक किती आला तेही लिही. रेग्युलेटरची नोंद मात्र या आठवड्यातच उतरवून काढ आणि सरांना विचार, फेरसादर केलं तर चालेल का.