सरकारी विद्यापीठातील अभियांत्रिकी पदवीचा खर्च वसूल होईल का, हे कसे पडताळावे?

जाहिरातीतील सर्वोच्च पॅकेज बाजूला ठेवावे आणि एनआयआरएफच्या (देशातील शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी) संकेतस्थळावर त्या विद्यापीठाने स्वतः भरलेल्या माहितीवरून हिशोब करावा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या या क्रमवारीसाठी किती विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, किती ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार (पगार चढत्या क्रमाने लावल्यास मधोमध येणारा) किती, हे प्रत्येक संस्थेला द्यावे लागते. मध्यक पगाराचा आकडा एकटा वाचू नये. समजा, 100 उत्तीर्णांपैकी 40 जणांना नोकरी लागली, 20 जण पुढे शिकायला गेले आणि मध्यक पगार वार्षिक 6 लाख आहे. तर 6 लाख किंवा त्याहून अधिक पगार साधारण 20 जणांनाच मिळाला आणि उरलेल्या 40 जणांविषयी तो तक्ता काहीच सांगत नाही. खर्चाच्या बाजूला केवळ शिक्षण शुल्क न धरता चार वर्षांचे वसतिगृह, खाणावळ आणि प्रवास धरावा, आणि शिष्यवृत्ती वजा करावी. महाराष्ट्रात 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे, ही रक्कम फार मोठी आहे. मात्र एनआयआरएफचे हे आकडे शाखानिहाय नसतात, त्यामुळे स्थापत्य आणि संगणक एकाच आकड्यात मिसळतात. शाखेचे आकडे प्लेसमेंट कक्षाकडे लेखी मागावेत. सरकारी विद्यापीठाला माहितीचा अधिकार कायदा, 2005 लागू असल्याने तोही मार्ग खुला आहे.