चढावर मशीन का अडतं?

पावसाळा अर्ध्यावर आला की लॉन मोवरच्या तक्रारी वाढतात. गवत गुडघ्याएवढं, जमीन ओली आणि आपल्याकडे सपाटी मुळातच कमी. या वेळच्या सगळ्या पत्रांत तक्रार तीच आहे: सपाटीवर चालतं, चढाला लागलं की बसतं. कारणं मात्र वेगवेगळी आहेत. म्हणून आधी एकच गोष्ट बघा. मशीन अडतं तेव्हा इंजिनाचा आवाज पडतो की तसाच राहतो? आवाज तसाच राहून चाकं थांबली तर ताकद वाटेत कुठेतरी गळते आहे. आवाज पडला तर दोष इंजिनाकडे शोधायचा.

गुहागरजवळ आमचं छोटं रिसॉर्ट आहे. हिरवळ समुद्राकडे उतरती. बसून चालवायचं हायड्रोस्टॅटिक मोवर सकाळी चढ सहज चढतं, पण पाऊण तासाने रांगायला लागतं आणि मग थांबतंच. इंजिन चालू असतं. मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्स गेला, नवा घाला.

नवा घालायची घाई करू नका. सकाळी चढतं आणि तापल्यावर चढत नाही, यातच बरंचसं उत्तर आहे. हायड्रोस्टॅटिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा. या गिअरबॉक्समध्ये पंप तेल दाबाने ढकलतो आणि त्या दाबावर चाकांची मोटर फिरते. तेल तापलं की पातळ होतं आणि आतल्या बारीक फटींतून मागे निसटतं. सपाटीवर दाब कमी लागतो म्हणून ते जाणवत नाही, चढावर लगेच उघडं पडतं.

आता तेल एवढं का तापतं ते बघू. बहुतेक मशीनमध्ये गिअरबॉक्सच्या डोक्यावर छोटा प्लास्टिकचा पंखा असतो. गेल्या ऑगस्टमध्ये अशाच एका मशीनचा मागचा पत्रा मी काढला, तर गिअरबॉक्सवर गवताची बोटभर जाड पोळी वाळून बसली होती, शेणाच्या गोवरीसारखी. पंख्याची दोन पाती तुटलेली. लाकडी पट्टीने सगळं खरवडलं, पंखा बदलला, आणि त्याच दुपारी मशीन न थांबता चढ चढलं. तुम्हीही आधी हेच करा. मशीन थंड झाल्यावर, चावी काढून.

एवढ्याने भागलं नाही तर तेल. अशा अनेक गिअरबॉक्सना २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालतं, पण आपल्या मशीनच्या पुस्तिकेत बघूनच घाला. तेल बदललं की आत हवा अडकते आणि हवा राहिली तर चढावर जोर येत नाही. ती काढायची अशी: पुढच्या चाकांना अडण लावा, मागची चाकं उचलून घट्ट टेकू द्या. मशीन ढकलण्यासाठी जो बायपासचा दांडा असतो तो उघडा, इंजिन चालू करा आणि पुढे-मागे पाच-सहा वेळा सावकाश न्या. मग इंजिन बंद करून दांडा बंद करा आणि पुन्हा तेच. हा दांडा अर्धवट उघडा राहिला तरीही चढावर हीच तक्रार येते, म्हणून तो पूर्ण बसलाय ना, ते हाताने चाचपून बघा. हे सगळं करूनही तापल्यावर थांबत असेल, तर पंप झिजलाय आणि तुमच्या मेकॅनिकचं बरोबर आहे.

मालवण. पट्टा दोनदा नवा टाकला, तरी चढावर घसरतो आणि जळका वास येतो.

पट्टा बिचारा निर्दोष असावा. त्याला ताणून धरणारी पुली एका हलत्या दांड्यावर असते आणि स्प्रिंग तो दांडा ओढतो. खाऱ्या हवेत दांड्याची खीळ गंजून जाम होते. मग पट्टा कितीही नवा असो, ताण येतच नाही. स्प्रिंग काढून दांडा बोटाने हलवा. लोण्यासारखा फिरला पाहिजे. अडखळला तर खीळ काढा, गंज घासा, ग्रीस भरा. पुलीच्या खाचेतला गंजही पॉलिश पेपरने काढा, नाहीतर तो नवा पट्टा कानशीसारखा खातो.

दुसरं म्हणजे बाजारात त्याच मापाचा गिरणीचा पट्टा स्वस्तात मिळतो. तो लावू नका. मोवरचा पट्टा सतत घसरत-पकडत काम करतो, म्हणून त्याचं कापड आणि आतला दोर वेगळा असतो. पुस्तिकेतला नंबर बघूनच घ्या.

देवगड. आंब्याच्या बागेत चढावर इंजिन गुरगुरत बंद पडतं. खाली आलं की लगेच सुरू.

तुमचा आवाज पडतोय, म्हणजे गिअरबॉक्सला हात लावू नका. टाकी अर्धी रिकामी असेल तर चढावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि नळीचं तोंड उघडं पडतं. टाकी भरून बघा. मग टाकीच्या झाकणाचं हवेचं बारीक भोक. पावसात पडून असलेल्या मशीनमध्ये ते कुंभारमाशीने मातीने लिंपलेलं मी पाहिलंय. झाकण सैल करून इंजिन सुधारलं तर दोष तिथेच. शेवटी एअर फिल्टर. आणि ओलं उंच गवत एकदम बुडाशी कापू नका, पातं वर घेऊन दोन फेऱ्यांत कापा.

दापोली. भाचा मोवर चालवतो. चढावर थांबलं की खाली उतरून ढकलतो. चालेल का?

अजिबात नाही, आणि हे त्याला आजच सांगा. मशीन थांबलं तर बसल्या जागी ब्रेक दाबायचा, पातं बंद करायचं आणि न वळता सरळ मागे, सावकाश उतरायचं. चढावर बायपासचा दांडा उघडायचा नाही. उघडला की मशीन मोकळं सुटतं. बसून चालवायचं मोवर उतारावर वर-खाली चालवावं, आडवं नेलं तर उलटतं.

बहुतेक पुस्तिकांत १५ अंशांची मर्यादा असते. ती मोजायला एक मीटर लांब फळी घ्या, वरचं टोक जमिनीला टेकवा आणि गवंड्याची लेव्हल ठेवून फळी आडवी धरा. खालच्या टोकाखाली २७ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर आलं, तर तो तुकडा हातातल्या ग्रास कटरने करा. जांभ्याच्या बांधाची कडही तशीच ठेवा, चाक तिथे नेऊच नका.