रशियन बी२ (मध्यमच्या वरच्या) पातळीपर्यंत आलंय, बोलता येतं, पण रिसर्च पेपर वाचताना अडतं. काय करू?

अडणारच, कारण बोलण्याची रशियन आणि पेपरातली रशियन यात बराच फरक आहे. पण मराठी येतं ना, मग अर्धं काम झालंच समजा. पेपरात पार्टिसिपल, म्हणजे क्रियापदापासून बनलेली रूपं, खच्चून भरलेली असतात आणि त्यातली बरीचशी आपल्याकडेही आहेत, म्हणजे बघा चिताय्युश्शी म्हणजे वाचणारा, प्रचीतान्नी म्हणजे वाचलेला, प्रचिताव म्हणजे वाचून. इंग्रजीतून समजून घ्यायला गेलात तर उगाच गुंता होतो, थेट मराठीत आणा.

दुसरी गोष्ट षष्ठीच्या माळा. 'रिशेनिये प्राब्ल्येमी झाग्रिझ्न्येनिया वदी', हे शेवटून वाचा, पाण्याच्या प्रदूषणाच्या प्रश्नाचं निराकरण, लगेच सुटतं. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की त्या दिवशी पानंच्या पानं अशीच उलटी वाचत बसले!

वाचायला सायबरलेनिंका ही रशियन संशोधन लेखांची ऑनलाइन लायब्ररी घ्या, फुकट आहे, लाखो लेख आहेत. पण सुरुवात आफ्तरेफेरातपासून करा, म्हणजे पीएचडी थिसिसचा छापील सारांश. त्याचा साचा ठरलेला असतो, आधी विषयाचं महत्त्व, मग उद्दिष्ट, मग नवीन काय केलं वगैरे. तुमच्याच विषयातले पाच-सहा वाचले की तीच तीच वाक्यं परत भेटतात, ती वहीत उतरवून काढा, हातानेच, कारण लिहायची वेळ येईल तेव्हा तीच कामाला येतात.

आणि 'यव्ल्यायेत्स्या' (म्हणजे 'आहे') दिसलं की पुढे तृतीया शोधा, चुका तिथेच होतात.