काकांच्या वहीतली उतरती रेघ

काकांनी वही टेबलावर उघडली तेव्हा मला वाटलं, फीचा हिशेब असेल. सराफ्यातल्या एका पेढीवर तीस वर्षं मुनिमी केलेला माणूस. पण पानावर तीन तारखा होत्या, तीन आकडे, आणि लाल पेनाने पट्टी लावून ओढलेली उतरती रेघ. एप्रिल ४६, जून ३९, ऑगस्ट २७.

"आता ही पास ना, मॅडम?"

शेजारी काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मला तर काही फरक वाटत नाही हो. सगळे म्हणतात आकडा उतरला. मग माझंच काही चुकतंय का?"

हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो, कधी असा तर कधी उलटा: नवीन रिपोर्टात मानसिक त्रासाचा आकडा वाढला, म्हणजे आजार वाढला का? काकूंची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे.

फेब्रुवारीत ओंकारेश्वराहून इंदूरला परतताना भेरू घाटात त्यांची गाडी ट्रकला धडकली. काकूंना खरचटलं तेवढंच. जावेचा पाय मोडला. तेव्हापासून झोपेत दचकणं, ट्रकचा हॉर्न ऐकला की हातपाय गार पडणं, घाटाकडे जाणाऱ्या खंडवा रोडचं नाव निघालं की उठून स्वयंपाकघरात जाणं. आघातोत्तर ताण, ज्याला सगळे पीटीएसडी म्हणतात, त्याची ही ओळखीची लक्षणं.

काकांच्या रेघेवरचे तीन आकडे ही लक्षणं मोजणाऱ्या तीन वेगळ्या मापन्यांचे होते, हे मी सांगितलं. त्यावर ते लगेच म्हणाले, "म्हणजे फॅरनहाइट आणि सेल्सिअस. सूत्र सांगा, मी बदलून घेतो." सूत्र नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच टक्केवारी काढली: ८८ पैकी ४६ म्हणजे ५२, ८० पैकी ३९ म्हणजे ४९, ८० पैकी २७ म्हणजे ३४. रेघ उतरतीच राहिली. काका खूश.

मग आम्ही एकेक फॉर्म उघडून बसलो. त्या दिवशीचा सगळा तास त्यातच गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

एप्रिलचा फॉर्म आयईएस-आर, हिंदीत भरलेला. बावीस प्रश्न, आणि विचारतो फक्त गेल्या सात दिवसांबद्दल. काकूंच्या त्या सात दिवसांत जावेचं दुसरं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे आकडा चढलेलाच असणार. पण त्याच फॉर्ममध्ये एक गोष्ट मुळीच आली नव्हती. काकूंना सगळ्यात जास्त टोचत होतं ते "सोमवारीच दर्शनाला जायचं म्हणून मीच हट्ट धरला" हे. आयईएस-आर १९९७चा आहे. घुसणाऱ्या आठवणी, टाळाटाळ आणि सतत सावध राहणं एवढंच तो मोजतो. स्वतःला दोष देण्याबद्दल त्यात प्रश्नच नाही.

जूनचा पीसीएल-५ लेकीने पुण्यात भरून घेतला होता. यात वीस प्रश्न, गेल्या महिन्याबद्दल, आणि दोष देण्याचाही प्रश्न आहे. फॉर्म इंग्रजी, लेक तोंडी मराठी करून सांगणार. एका प्रश्नापुढे पूर्ण ४ गुण दिसले म्हणून मी विचारलं. लोकांपासून तुटल्यासारखं वाटतं का, असा तो प्रश्न. लेकीने विचारलं होतं, "आई, लोकांपासून दूर वाटतं का?" काकू म्हणाल्या, "वाटणारच ना. कुठे इंदूर, कुठे पुणं. भिशीच्या बायका तिकडे, मी इकडे." काका मोठ्याने हसले, मग काकूही हसल्या. मला तो आकडा मात्र तिथेच संशयास्पद झाला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुण्यात काकू सहा आठवडे चौथ्या मजल्यावरून फारशा खाली उतरल्याच नव्हत्या. घाट नाही, ट्रक नाही, म्हणून आठवणींचे गुण कमी. आणि टाळण्याच्या प्रश्नाला त्यांनी शून्य दिलं होतं. का? "जायचंच नव्हतं कुठे, मग टाळायचं काय?" टाळाटाळ इतकी पूर्ण झाली की ती टाळाटाळ वाटेनाशी झाली.

ऑगस्टचा आकडा माझ्या मानसशास्त्रज्ञ मैत्रिणीने घेतलेल्या मुलाखतीचा, कॅप्स-५चा. दिसायला तोही ८० पैकीच, म्हणून काकांनी तो पीसीएलच्या खाली बिनधास्त मांडला. पण इथे गुण पेशंट देत नाही, मुलाखत घेणारा देतो: किती वेळा होतं, किती तीव्र, उदाहरण सांगा. काकूंनी फॉर्ममध्ये झोपेला ४ दिले होते. मुलाखतीत निघालं की गुडघेदुखीमुळे त्यांची झोप पाच वर्षांपासून अशीच आहे. ती अपघाताच्या खात्यात धरली गेली नाही. स्वतः भरलेल्या फॉर्मपेक्षा मुलाखतीचा आकडा बहुतेकदा कमीच येतो.

"पण एकतीसच्या खाली आहे ना?" काकांनी कुठेतरी वाचलं होतं. पीसीएल-५ला साधारण ३१ ते ३३ ही सीमा धरतात, ते बरोबर. ती सीमा कॅप्सला लावायची नसते. तिथे निदान बेरजेवर ठरतच नाही. आठवणींचं किमान एक लक्षण, टाळण्याचं एक, विचार-भावनांतल्या बदलांची दोन, सतत सावधपणाची दोन, हे सगळं महिन्याहून जास्त आणि रोजच्या कामात अडथळा येण्याइतकं. काकूंचं यातलं प्रत्येक खातं भरलेलं होतं. २७ असूनही निदान पीटीएसडीचंच होतं.

काका बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी तीन पेढ्यांची खाती एका पानावर ओढली." यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं.

(कोणाकडे जुना, सतरा प्रश्नांचा पीसीएल असेल तर आणखी एक मेख. त्यात गुण शून्यापासून नाही, एकापासून सुरू होतात. ठणठणीत माणसालाही १७ मिळतात. २०१३नंतरच्या पीसीएल-५शी तो थेट ताडून बघू नका.)

आम्ही ठरवलं: यापुढे एकच फॉर्म, पीसीएल-५, मराठीतून, काकूंनी स्वतः वाचून, महिन्यातून एकदा. दोन-चार गुण इकडेतिकडे झाले तर वहीत शेरा लिहायचा नाही. पहिल्या वेळी ३६ आले. मग हळूहळू खंडवा रोडची सवय सुरू केली. आधी भंवरकुआंपर्यंत, नंतर तेजाजी नगरच्या चौकापर्यंत, काकांच्या स्कूटरवर. पुढच्या महिन्यात आकडा ४२.

काकांचा सकाळी सातला फोन. "मॅडम, बंद करू या का हे?"

मी त्यांना प्रश्नवार बघायला लावलं. आठवणी आणि दचकणं वाढलं होतं, टाळण्याचे गुण मात्र उतरले होते. रस्त्यावर गेल्यावर घाट आठवणारच. एकाच फॉर्मचे दोन आकडे असल्यामुळे हे कळू तरी शकलं. नंतरच्या महिन्यात ३४, मग २८. दोष देण्याचा प्रश्न अजून ३वर अडलाय. त्यावर आता काम चालू आहे, आणि जावेलाही एकदा बोलावलं आहे.

गेल्या रविवारी दोघं बसने सिमरोलपर्यंत गेले आणि चहा पिऊन परतले. घाट तिथून पुढे आहे. जाताना काकू आतल्या बाजूला बसल्या होत्या, येताना म्हणाल्या, "सरका, मला खिडकी द्या."