नम्पायची सेटिंग्ज स्टार्टअप फाइलमध्ये ठेवावीत का?

मराठवाड्यातील ७६ तालुक्यांचा दैनंदिन पाऊस आणि जायकवाडीचा पाणीसाठा तपासताना दर वेळी नम्पायची (आकड्यांच्या याद्या, म्हणजे ॲरे, हाताळणाऱ्या पायथन लायब्ररीची) सेटिंग्ज नव्याने टंकावी लागतात, आणि स्टार्टअप फाइल (पायथन सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) करूनही आपल्या स्क्रिप्टवर तिचा परिणाम होत नाही, अशी आपली अडचण आहे. ‘पायथनस्टार्टअप’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (संगणकाच्या प्रणालीत ठेवलेल्या सेटिंगमध्ये) ज्या फाइलचा पत्ता असतो, ती फक्त संवादी सत्रात, म्हणजे एकेक आज्ञा टंकून पायथन वापरताना, पहिला प्रॉम्प्ट येण्याआधी चालते. ती सत्राच्याच नेमस्पेसमध्ये (नावांच्या कक्षेत) चालत असल्यामुळे तिच्यात ‘इम्पोर्ट नम्पाय ॲज एनपी’ लिहिले की ‘एनपी’ लगेच हाताशी येते. मात्र स्क्रिप्ट चालवताना ही फाइल वाचलीच जात नाही.

माझ्या फाइलमध्ये ‘सेट_प्रिंटऑप्शन्स’ची (आकडे कसे छापायचे ते ठरवणाऱ्या आज्ञेची) एकच ओळ आहे: प्रिसिजन (दशांश स्थळे) २, सप्रेस (घातांकी छपाई टाळणे) ट्रू, लाइनविड्थ (ओळीची लांबी) १२०. मुळात ८ दशांश स्थळे छापली जातात, ओळ ७५ अक्षरांवर मोडते आणि १००० हून अधिक घटकांचा ॲरे मध्ये तीन टिंबे देऊन आटोपता घेतला जातो. आपले वर्षभराचे आकडे २७,७४० होतात. ते सगळे पडद्यावर ओतून काहीच हाती लागणार नाही, तेव्हा थ्रेशोल्डला, म्हणजे या १००० च्या मर्यादेला, हात लावू नये.

सप्रेसकडे मात्र नीट लक्ष द्यावे. ०.५ मिमी पाऊस आणि जायकवाडीचा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) जिवंत साठा एकाच ॲरेत आला, की सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान संख्येचे गुणोत्तर १००० च्या पुढे जाते आणि नम्पाय सगळेच आकडे घातांकात छापू लागते. सप्रेस ट्रू केल्यावर ते सरळ दिसतात. परंतु तोच साठा घनमीटरमध्ये भरला, तर संख्या दहा कोटींच्या वर जात असल्यामुळे सप्रेस असूनही घातांक परत येतो. त्यामुळे साठा दलघमीतच ठेवावा. पाटबंधारे खात्याचे आकडेही त्याच एककात येतात. नम्पाय २.० पासून सुटी संख्या ‘एनपी.फ्लोट६४’ या वेष्टनासह दिसते. ते नको असल्यास त्याच ‘सेट_प्रिंटऑप्शन्स’मध्ये लेगसी (जुन्या आवृत्तीसारखी छपाई) ‘१.२५’ द्यावे.

‘सेटएरर’ (हिशेबात चूक झाल्यास काय करायचे ते ठरवणारी आज्ञा) मात्र स्टार्टअप फाइलमध्ये मुळीच ठेवू नये. सरासरीच्या तुलनेत पावसाची टक्केवारी काढताना ज्या दिवसाची सरासरी शून्य आहे तेथे शून्याने भागाकार होतो, आणि नम्पाय केवळ इशारा देऊन पुढे जाते. तेथे थांबायचे की नाही, हा हिशेबाचाच भाग आहे. तो स्क्रिप्टमध्ये, सहकाऱ्याला दिसेल अशा जागी लिहिलेला असावा. ‘साइटकस्टमाइझ’ या, पायथन प्रत्येक वेळी सुरू होताना चालणाऱ्या फाइलने स्क्रिप्टवरही सेटिंग्ज लादता येतात, पण मग आपल्या संगणकावर एक आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर दुसरेच, असा घोळ होतो.

ज्युपिटर नोटबुकसाठी आयपायथनच्या (त्यामागे चालणाऱ्या पायथनच्या संवादी आवृत्तीच्या) प्रोफाइलमधील ‘स्टार्टअप’ फोल्डर वापरावे. तेथील फाइली नावांच्या क्रमाने चालतात. ओपनब्लासच्या (नम्पाय मोठ्या गणितांसाठी वापरते त्या लायब्ररीच्या) थ्रेड्सची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांची, संख्या ठरवायची असल्यास त्यासाठीचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नम्पाय इम्पोर्ट करण्यापूर्वीच्या ओळीत द्यावे, नंतर दिल्यास त्याचा उपयोग होत नाही.