रजनीकांत, ऋतुराज आणि बडोद्याचे महाराज, सगळे गायकवाड एकमेकांचे नातेवाईक आहेत का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या ऑफिसात तीन गायकवाड आहेत, तिघांची गावं वेगळी, तिघं आधी एकमेकांना ओळखतही नव्हते, आणि चहाच्या वेळी त्यातला एक म्हणाला की आम्ही बडोद्याच्या राजघराण्यातले. मग सगळेच गायकवाड बडोद्याचे असतात का, आणि रजनीकांत, ऋतुराज, दादासाहेब गायकवाड यांचं आपसात काही नातं लागतं का.

आधी उत्तर सांगते, नाही लागत. माहेरची मी गायकवाड आहे, नाशिक जिल्ह्यातली, आणि बावीस वर्षं बँकेच्या काउंटरला बसलेय, त्यातली बरीच अशा गावात की जिथे सकाळी शटर उघडलं की पहिल्या दहा माणसांत तीन-चार गायकवाड असायचेच. त्यामुळे हा प्रश्न मला लहानपणापासून लोकांनी विचारलाय आणि मीही त्याच्यामागे बरीच फिरलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आडनावाची गोष्ट सगळीकडे साधारण एकच सांगतात. किल्ल्याच्या दरवाजाजवळून एक कसाई गाई हाकत चालला होता, तिथे पहाऱ्यावर असलेल्या पूर्वजाने कवाड उघडून गाईंना वाट करून दिली आणि त्या वाचल्या, म्हणून गाय आणि कवाड, गायकवाड. बडोद्याचं घराणं ही गोष्ट आपली म्हणून सांगतं, पण आमच्या गल्लीतले म्हातारेही ती आपल्याच आजोबांची असल्यासारखी सांगायचे, आणि ते खोटं बोलत होते असं मला कधीच वाटलं नाही. गोष्ट आडनावाबरोबर येते, ज्याला आडनाव मिळालं त्याला गोष्टही मिळाली.

बडोद्याचे गायकवाड म्हणजे मुळात पुणे जिल्ह्यातले, खेड तालुक्यातलं दावडी हे त्यांचं गाव. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत दमाजी गायकवाडांनी पराक्रम केला, शाहू महाराजांनी त्यांना 'समशेर बहाद्दर' किताब दिला, मग त्यांचे पुतणे पिलाजीराव यांनी गुजरातेत सोनगडला ठाणं केलं आणि तिथून पुढे बडोदा. म्हणजे जे आज 'आम्ही मूळचे बडोद्याचे' म्हणतात त्यांना मी सांगते की अहो बडोद्याचे गायकवाडसुद्धा मूळचे बडोद्याचे नाहीत, इथलेच आहेत. त्या एका घराण्याने आपल्या नावाच्या वस्तू मात्र केवढ्या ठेवल्यात बघा, १८६२ साली खंडेराव महाराजांच्या काळात बडोद्याजवळच्या डभोईला जी छोटी रेल्वे टाकली तिचे डबे सुरुवातीला बैल ओढायचे, आणि पुढे तीच वाढत वाढत गायकवाडांची बडोदा स्टेट रेल्वे झाली. संस्कृत ग्रंथ छापणारी गायकवाड ओरिएंटल सिरीज आहे. दिल्लीतलं बडोदा हाऊस आहे, तिथे आता उत्तर रेल्वेचं मुख्य ऑफिस भरतं. आणि पुण्यात नारायण पेठेतला केसरीवाडा तर सगळ्यांना माहिती आहे पण त्याचं मूळ नाव गायकवाड वाडा हे किती जणांना माहिती असतं? टिळकांनी तो १९०५ साली सयाजीरावांकडून घेतला आणि नंतरही कितीतरी वर्षं लोक त्याला गायकवाड वाडाच म्हणत होते. मी कॉलेजला असताना पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मुद्दाम जाऊन तिथे उभी राहिले होते, आपलं आडनाव एखाद्या भिंतीला असू शकतं याचं फार अप्रूप वाटलेलं.

आता गंमत म्हणजे (मला खरंच ही गोष्ट फार आवडते) बडोद्याचे सगळ्यात मोठे महाराज, सयाजीराव, हे आमच्या नाशिक जिल्ह्यातले. मालेगाव तालुक्यातलं कवळाणे. जन्म १८६३ चा, नाव गोपाळ, शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, लिहिता-वाचता येत नव्हतं. १८७५ साली खंडेरावांचे भाऊ आणि तेव्हाचे महाराज मल्हारराव यांना इंग्रजांनी गादीवरून काढलं तेव्हा खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईंना दत्तक घ्यायला मुलगा हवा होता, गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतली मुलं बोलावली आणि त्यातून या बारा वर्षांच्या मुलाची निवड झाली. ज्याला स्वतःला बाराव्या वर्षापर्यंत अक्षर माहीत नव्हतं त्या माणसाने पुढे १८९३ ला अमरेलीत सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ ला सगळ्या राज्यात नेलं.

दुसरे गायकवाड आमच्याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. भाऊराव कृष्णराव, म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड, जन्म १९०२. राजघराण्याशी काही संबंध नाही, जमिनीशी मात्र जन्मभर संबंध. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा सत्याग्रह समितीचे सेक्रेटरी हेच होते. पुढे लोकसभेत गेले, राज्यसभेत गेले, १९५९ ला आणि परत १९६४ ला भूमिहीनांसाठी सत्याग्रह केला, लाखो माणसं जेलमध्ये गेली. आज त्यांच्या नावाने सरकारची सबळीकरण आणि स्वाभिमान योजना आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांमधल्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत नाहीतर दोन एकर बागायत. त्या योजनेतून जमीन मिळालेल्या एक बाई आमच्या काउंटरला सातबारा घेऊन आल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी परत कापडात बांधलेली, मी झेरॉक्स मागितली तर त्या सातबारा हातातून सोडेनात. शेवटी मीच उठले आणि त्यांच्याबरोबर झेरॉक्सवाल्याकडे गेले, कागद त्यांच्याच हातात.

या दोन गायकवाडांच्या मधे एक माणूस उभा आहे, बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि नंतर नाशिकच्या लढ्यात त्यांचा उजवा हात म्हणजे दादासाहेब. पण मधला भाग लोक विसरतात. १९१७ ला बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत राहिले, जात कळल्यावर तिथून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं, आणि त्यांनी बागेत बसून दिवस काढला. राजा गायकवाड, शिष्यवृत्ती गायकवाडांची, शहर गायकवाडांचं, तरी खोली नाही.

हे मी का लिहितेय, कारण तुमच्या प्रश्नात जो 'बडोद्याचे का' आहे ना, त्याचा एक जोडीदार प्रश्न आहे, 'कुठले गायकवाड?' मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हा खोली बघायला गेले होते, दोन खोल्या, मागे पाण्याची टाकी, भाडं परवडणारं. घरमालकीणबाई चांगल्या बोलत होत्या, चहा टाकला, मग म्हणाल्या कुठले गायकवाड? मी म्हटलं नाशिककडचे. त्या म्हणाल्या ते कळलं गं, पण कुठले? मी परत म्हटलं नाशिककडचे. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, विचारून सांगते म्हणाल्या, आणि फोन आला नाही. चहा उकळून तसाच गॅसवर राहिला होता, मला तो वास अजून आठवतो. आम्ही कुठले ते मी त्यांना सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही, कृपया कमेंटमध्ये विचारू नका.

कारण खरी गोष्ट ही आहे की हे आडनाव कुठल्या एका जातीचं नाहीच. मराठ्यांत आहे, बौद्धांत आहे, मातंगांत, धनगरांत, ख्रिस्ती कुटुंबांतही गायकवाड भेटतात. साहित्य अकादमी मिळालेले लेखक लक्ष्मण गायकवाड लातूरकडचे, ज्या जमातीवर इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता त्या उचल्या समाजातले. पवार, जाधव, शिंदे, मोरे यांचंही तसंच. कुळाची नावं अनेक समाजांत सारखीच होती, काही ठिकाणी सरदाराच्या नाहीतर पाटलाच्या घराण्याचं नाव चाकरीतल्या लोकांनी लावलं असं जुनी माणसं सांगतात, आणि मग शाळेत, पलटणीत, जमिनीच्या कागदावर आडनाव लिहायची वेळ आली तेव्हा जे तोंडात होतं ते कायमचं झालं. त्यात आणखी एक योगायोग बघा, मराठा आरक्षणासाठी मागासवर्ग आयोगाने २०१८ ला जो अहवाल दिला तो गायकवाड आयोगाचा, अध्यक्ष न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड.

आता रजनीकांत आणि ऋतुराज. रजनीकांत यांचं खरं नाव शिवाजीराव गायकवाड, जन्म बंगळुरूचा, १२ डिसेंबर १९५०, वडील पोलीस खात्यात होते, स्वतः बसमध्ये कंडक्टर होते हे तर सगळ्या देशाला पाठ आहे. पूर्वजांचं गाव मावडी कडेपठार, जेजुरीजवळ, पुरंदर तालुका. आणि ऋतुराजचं गाव पारगाव मेमाणे, तेही पुरंदर तालुक्यातलंच! म्हणून लोक लगेच दोघांचं नातं जोडतात, पण एकाच तालुक्यात दोन गावांत एकच आडनाव असणं ही आपल्याकडे फार साधी गोष्ट आहे, त्यावरून भाऊबंद ठरत नाहीत. ऋतुराजने २०२२ ला विजय हजारे ट्रॉफीत उत्तर प्रदेशविरुद्ध एकाच ओव्हरमध्ये सात सिक्स मारले (एक नोबॉल होता म्हणून सात) तेव्हा आमच्या शाखेत जे ओरडले ते सगळे गायकवाडच होते असं नाही, पण ओरडले आपल्या घरचा असल्यासारखेच.

क्रिकेटमध्ये तर हे आडनाव भरलेलंच आहे. दत्ताजीराव गायकवाड १९५९ ला इंग्लंडच्या दौऱ्यावर भारताचे कॅप्टन, त्याआधी १९५७-५८ ला बडोद्याला रणजी त्यांनीच जिंकून दिली. मुलगा अंशुमन, जालंधरला १९८३ मध्ये पाकिस्तानविरुद्ध २०१, ६७१ मिनिटं खेळून. आमचे वडील ही खेळी सांगताना ६७१ हा आकडा पाढ्यासारखा म्हणायचे. बडोद्याच्या राजघराण्यातले फत्तेसिंहराव रणजी खेळले आणि क्रिकेट बोर्डाचे अध्यक्षही झाले. आणि कर्नाटकात विजापूरची राजेश्वरी गायकवाड, २०१७ च्या वर्ल्डकपमध्ये न्यूझीलंडविरुद्ध १५ धावांत पाच विकेट. तिचं स्पेलिंग इंग्रजीत वेगळं, बडोद्याचं वेगळं, आमचं आणखी वेगळं, मराठीत मात्र सगळे एकच.

एवढी माणसं एका नावाखाली असली की काय होतं ते मी काउंटरला बघितलंय. एका आजींची निराधार योजनेची पेन्शन तीन महिने आली नाही. पायी आल्या, बाकावर बसल्या, पासबुक पुढे केलं. शोधलं तर त्याच नावाच्या, नवऱ्याचंही तेच नाव, आडनाव तर गायकवाडच, अशा दुसऱ्या बाईंच्या खात्यात पैसे जात होते, यादी करताना कुणीतरी नावावरून खातं काढलं होतं, नंबर बघितलाच नव्हता. मी आजींना समजावून सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "माझं नाव कुणी घेतलं गं?" दुसऱ्या बाईंना बोलावलं, त्यांना वाटलं सरकारने पेन्शन वाढवली, त्यांनी सगळे पैसे परत केले, एक रुपया कमी नाही. त्यानंतर मी दोघींच्या फॉर्मवर पेन्सिलने लिहून ठेवलं, 'मळ्यातल्या' आणि 'टाकीजवळच्या', कारण गावात त्यांना तसंच ओळखतात. गावात गायकवाड हे नाव कुणी हाक मारायला वापरतच नाही, तिथे सगळेच गायकवाड.

तुमच्या सहकाऱ्याला खरोखर बघायचं असेल की आपण बडोद्याच्या शाखेतले आहोत का, तर आडनावावर जाऊ नका म्हणावं, घरच्या जुन्या जमिनीचे कागद काढा, आणि वंशावळ लिहिणारे भाट अजून येत असतील तर त्यांची वही बघा. आमच्याकडे मी नववीत असताना एक भाट आले होते. वडिलांनी पहिलं तेच विचारलं, बडोदा आहे का हो आमच्यात? त्यांनी वही उलगडली, लांब, पिवळी, लाल कापडात गुंडाळलेली, आणि वाचत गेले, सात पिढ्या, सगळ्या त्याच गावातल्या, विहिरीच्या पलीकडच्या त्याच शिवारातल्या. बडोदा कुठेच नव्हतं. वडील थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले पणजोबांचं नाव परत वाचा. ते नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. नंतर भाट आमच्या पिढीची नावं लिहायला लागले, भावाचं लिहिलं आणि वही मिटायला घेतली, मुलींची नावं लिहीत नाहीत म्हणाले. वडिलांनी त्यांच्या हातावर आणखी दहा रुपये ठेवले आणि माझं लिहून घेतलं.